रीपर आणि इंकस्केप : गाणं आणि डिझाइन दोन्ही करायचं असेल तर

मी मिरजेची. बारावीत आहे. गाणं शिकते, मध्यमा पूर्ण झाली आहे आणि आता विशारदची तयारी चालू आहे. सोबत पोस्टर, लोगो, गाण्यांची कव्हर अशी डिझाइनची कामं करते. पुढे मला दोन्ही करायचं आहे. "दोन्हीतलं एक काहीतरी नीट धर," असं आत्या दर सणाला सांगते. तिची काळजी खरी आहे, म्हणून मी तिला कामच दाखवते. ते काम ज्या दोन सॉफ्टवेअरवर होतं त्यांच्याबद्दल हे लिहितेय, कारण माझ्या वयाची मुलंमुली सतत विचारतात की लॅपटॉप जुना आहे, पैसे नाहीत, तर सुरुवात कशावर करू? माझं उत्तर: आवाजासाठी रीपर, चित्रासाठी इंकस्केप.

रीपरपासून सुरू करते. हे ध्वनिमुद्रणाचं आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. ते बनवलं जस्टिन फ्रँकेल यांनी. बाबांच्या पिढीने कॉम्प्युटरवर ज्या विनॅम्पमध्ये गाणी ऐकली, ते विनॅम्पही त्यांचंच. रीपरची 1.0 आवृत्ती 2006 मध्ये आली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सातवी. डाउनलोड करायची फाइल इतकी लहान आहे की मोबाइलच्या डेटावर सहज उतरते. माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे, बाबांच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. त्यावर तानपुरा, हार्मोनियम, तबला, आवाज, मागे दोन कोरस असे ट्रॅक एकत्र वाजतात आणि अडकत नाहीत. शिवाय रीपर पेनड्राइव्हवर टाकून तिथूनच चालवता येतं, सगळ्या सेटिंगसकट. ज्या मुलांकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, भावाचा किंवा मैत्रिणीचा वापरावा लागतो, त्यांनी हे आधी लक्षात ठेवावं.

किंमत. साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं, काहीही बंद नसतं. नंतरही ते कुलूप लावत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. लायसन्स 60 डॉलरचं, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. व्यावसायिक लायसन्स 225 डॉलरचं आहे, पण त्यातून वर्षाला वीस हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांना 60 चंच लागू होतं, आणि आपण सगळे त्यात बसतो. सातव्या आवृत्तीवर घेतलेलं लायसन्स संपूर्ण आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतं. मी ते गणपतीतल्या पोस्टरांच्या पैशांतून घेतलं, बाबांच्या कार्डवरून. चित्राने गाण्याचा खर्च उचलला, याचा मला फार आनंद झाला. कुलूप नाही म्हणून अनेक जण वर्षानुवर्षं तसंच वापरतात. तसं करू नका. इतक्या विश्वासाने दिलेल्या वस्तूचे पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, आणि इथे मी तानपुऱ्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि माझ्या तानपुऱ्याची जवारी (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवणं) तिथल्याच एका चाचांनी काढली आहे. तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला की नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. जवारीतून सुटणारे वरचे स्वर, ती झळाळी, पार निघून जाते. एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) आणि एका माइकपुरता साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी (48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकला लागणारी वीज, देणारा हवा, नाहीतर कंडेन्सर माइक चालणारच नाही) एवढ्यावर रीपरमध्ये जे मुद्रण होतं त्यात घोडीवर तार कशी घासते ते कळतं. माइक भोपळ्यासमोर ठेवू नका, आवाज घुमतो. घोडीकडे तोंड करून वीतभर, दीड वीत लांब ठेवा.

माझा सा काळी चार, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. म्हणून तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार 104 हर्ट्झच्या आसपास बोलते. घरातल्या फ्रिजची घरघर त्याच्याही खाली असते. रीपरसोबत येणाऱ्या रीईक्यू या फिल्टरमध्ये 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की घरघर बरीचशी जाते आणि खर्ज शाबूत राहतो. यूट्यूबवरचे धडे बहुतेक पाश्चात्त्य गाण्यांचे असतात. त्यात "आवाजाच्या ट्रॅकवर शंभर-सव्वाशेच्या खालचं सगळं उडवा" असं सर्रास सांगतात. तोच आकडा तानपुऱ्याला लावला तर खर्जाच्या तारेचा पायाच जातो. आपल्या वाद्याचे आकडे आपणच काढायला हवेत.

लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज घालवायला रीएफआयआर नावाचं एक साधन आहे. आधी काही सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची, त्या साधनाला त्यातला गोंगाट ओळखायला लावायचा, मग ते तेवढाच वजा करतं. बोलण्यावर आणि गाण्यावर छान चालतं. तानपुऱ्यावर मात्र जपून, कारण तानपुरा अखंड वाजत असतो आणि जवारीची झळाळी नेमकी पंख्याच्या सरसरीच्या पट्ट्यात येते. पंख्यासोबत तीही वजा होते. त्यापेक्षा लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब वायर ओढणं कितीतरी बरं.

सूर दुरुस्त करणारं रीट्यूनही आत आहे. मी ते गायनावर वापरत नाही आणि शास्त्रीय गाणाऱ्या कोणीच वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ते सूर बारा ठरावीक घरांत ओढून बसवतं. मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, प्रवास पायऱ्यापायऱ्यांचा होतो, आणि दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन, म्हणजे त्या सुराचं हळू झुलणं, तर मरूनच जातं. आमच्या गाण्याच्या बाईंना असं एक मुद्रण ऐकवलं तेव्हा त्यांनी पहिल्याच आवर्तनात हात वर करून थांबवलं.

तालाची सोय मात्र अपेक्षेपेक्षा चांगली आहे. नवी फाइल उघडली की 120 ची लय आणि चार मात्रांचा हिशोब समोर येतो. तिथे चारच्या जागी दहा लिहिलं की झपताल बसतो. मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये कुठला ठोका जोरकस आणि कुठला साधा ते ठरवता येतं, म्हणून पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर टाळी ठळक ठेवली आणि सहावी, 'खाली'ची (टाळी नसलेली), साधी. आता बंदिशीचा मुखडा समेवर येतो तो पडद्यावर दिसतो. आलापासाठी ही सगळी जाळी बंद करून टाकायची. सातव्या आवृत्तीत एकाच ट्रॅकवर अनेक वेळा गाऊन प्रत्येकातला चांगला तुकडा नुसता माउस फिरवून निवडता येतो. एकच अंतरा पुन्हापुन्हा गाणाऱ्यांना याचं मोल कळेल.

कमतरता सांगायलाच हवी. रीपरमध्ये तयार वाद्यं जवळजवळ नाहीत. एक साधा सिंथ (कृत्रिम आवाज तयार करणारा) आणि स्वतःचे आवाज भरून वाजवायचं एक साधन, बस. ज्यांना ड्रम, बेस, स्ट्रिंग्ज लगेच हवेत आणि बीट बनवायचे आहेत, त्यांना पहिले काही दिवस रिकामं रिकामं वाटेल. मॅक किंवा आयपॅड घरात असेल तर त्यांनी गॅरेजबँडवर सुरुवात करावी, ते फुकट आहे आणि वाद्यांनी भरलेलं आहे. रीपरचे मेनूही लांबलचक आहेत. मला ते आवडतात, पण माझ्या धाकट्या भावाने पाच मिनिटांत माउस सोडला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझ्यासारखीला दुसरं कुठलं सॉफ्टवेअर नको. रीपरचा चेहरा आपण स्वतः काढू शकतो. त्याची थीम म्हणजे आत पीएनजी चित्रं आणि मांडणीची एक मजकूर फाइल असलेलं झिप. प्रत्येक बटणाचं चित्र वेगळं. टूलबारच्या एका चिन्हाची पट्टी 90 बाय 30 पिक्सेलची, तिच्यात शेजारीशेजारी तीन चौकोन: बटण एरवी कसं दिसावं, माउस वर आला की कसं, आणि दाबल्यावर कसं. काही चित्रांच्या कडेला गुलाबी रेघा काढाव्या लागतात, त्या सांगतात की ताणताना कुठला भाग ताणायचा नाही. तीस पिक्सेलच्या चौकोनात तानपुरा ओळखू यावा म्हणून काय काय सोडून द्यावं लागतं हे मला कुठल्या चित्रकलेच्या क्लासपेक्षा इथे जास्त कळलं. खुंट्या गेल्या, मणी गेले, तारा चारच्या दोन झाल्या. भोपळ्याचा गोल आणि दांडीची रेघ उरली, आणि तेवढ्यात तो तानपुरा दिसतो. तबल्याला डग्गा सोबत असल्याशिवाय तबला वाटत नाही, तो डबाच वाटतो. ही सगळी चिन्हं मी इंकस्केपमध्ये काढली.

इंकस्केप पूर्ण फुकट आहे, मुक्त स्रोताचं, 2003 पासून चालत आलेलं. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरसारखंच व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं, चित्र काढायचं. माझ्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे युनिकोड देवनागरी त्यात नीट जुळते. 'र्‍या', 'क्ष', 'ट्ट' तुटत नाहीत, वेलांटी भलत्या अक्षरावर जात नाही. त्यामुळे जुन्या डीटीपी फॉन्टांचे वेगळे कीबोर्ड शिकायची गरज पडत नाही, मोबाइलवर टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवता येतो.

फॉन्टही फुकट आणि उत्तम मिळतात, गूगल फॉन्ट्सवर, मुक्त परवान्याचे. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्ता बारीक मजकुरासाठी, त्यांचाच बालू मुलांच्या कार्यक्रमासाठी, आणि मोदक हा जाडजूड फॉन्ट दोन-तीन अक्षरांच्या नावासाठी. यात्रा वनमध्ये मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचं वळण आहे. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या, त्याची हिंदी आणि संस्कृत अशी वेगळी भावंडं आहेत, म्हणून नाव बघून उतरवा. गाण्याचं कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं द्यावं लागतं, पण ऐकणाऱ्याला ते मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. त्या आकारात बारीक फॉन्टची शिरोरेषाच दिसेनाशी होते आणि अक्षरं सुटी पडतात. मी प्रत्येक कव्हर शेवटी अगदी छोटं करून बघते, आणि वाचता आलं नाही तर फॉन्ट बदलते, चित्र कितीही आवडलेलं असलं तरी.

छपाईच्या बाबतीत इंकस्केप कमी पडतं. त्याचं सगळं काम पडद्याच्या रंगांत, म्हणजे आरजीबीत चालतं आणि छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, हवे असतात. पडद्यावरचा झगझगीत भगवा किंवा पोपटी कागदावर मातकट उतरतो. रंग आधीच थोडे शांत निवडा, आणि महत्त्वाचं काम असेल तर एक लहान प्रिंट काढून बघा. दुसरं, फ्लेक्सच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "फाइल कर्व्ह केलीय का?" त्यांच्याकडे आपला फॉन्ट नसतो. म्हणून अक्षरं निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, आणि पीडीएफ न्यायची. आधीची, अक्षरं बदलता येणारी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवायची, कारण मंडळवाले शेवटच्या दिवशी एक तरी नाव वाढवतातच.

ज्यांना पुढे डिझाइनला जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच: आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनच्या प्रवेशाची यूसीड परीक्षा असो की मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची वाट, सॉफ्टवेअर येतं म्हणून प्रवेश मिळत नाही. यूसीडच्या दुसऱ्या भागात हाताने चित्र काढायचं असतं. मी रोज संध्याकाळी कागदावर काढते आणि इंकस्केप रविवारी उघडते. रियाज सकाळी, रीपर शनिवारी. सॉफ्टवेअर हाताच्या आणि गळ्याच्या आधी येऊ नये याची काळजी मला स्वतःलाच घ्यावी लागते, कारण थीममधली बटणं रंगवत बसणं रियाजापेक्षा फार सोपं आहे.

गाणं पूर्ण झालं की बाहेर काढताना रीपर त्याचा एकूण आवाज मोजून देतं. स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएसला (हे एकूण आवाज मोजायचं एकक) सगळी गाणी आणून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजावं म्हणून आवाज दाबून चपटा करण्यात काही हशील नाही. ख्यालाला तर हळू आणि मोठा यांतला फरक हवाच.

पैसे थोडेच असतील तर क्रम असा ठेवा: आधी माइक आणि इंटरफेस, सेकंडहँड चालेल, पण विकणाऱ्यासमोर फँटम पॉवर लावून तपासून घ्या. मग कानाला पूर्ण झाकणारे हेडफोन. रीपरचं लायसन्स पहिल्या कमाईतून. इंकस्केप आजच उतरवा.