जीपमधून घेतलेला वुडकटर

आमच्याकडे कोकणात चेनसॉला, म्हणजे फिरत्या चेनने लाकूड कापणाऱ्या करवतीला, कोणी चेनसॉ म्हणत नाही, वुडकटर म्हणतात. हा वुडकटर घेताना माझी फसवणूक झाली, ती सगळी लिहून काढतो आहे. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या मशीनने माझ्या चुलतभावाचा पाय जवळजवळ घेतला होता. वादळानंतर जिथे झाडं पडतात तिथे असली माणसं पोहोचतात. म्हणून ज्यांच्या वाड्या आहेत, बागा आहेत, जे झाडं तोडायची कामं घेतात, त्यांनी हे नीट वाचावं.

आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. आमची वीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तर वाडीत पाय टाकायला जागा नव्हती. पोफळी एकमेकींवर आडव्या, त्यांच्यावर माड, आणि गडग्याशेजारचं आजोबांच्या हातचं रायवळ आंब्याचं झाड मुळासकट उपटून विहिरीवर पडलेलं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मोबाईलला रेंज नाही. त्यात लॉकडाऊन. कुऱ्हाडीने आणि कोयतीने किती तोडणार? विहीर मोकळी केल्याशिवाय पाणी नाही, आणि विजेवरची करवत असून उपयोग नाही. पेट्रोलवरचा वुडकटर ज्याच्याकडे होता त्याच्याकडे दहा-दहा घरांचे निरोप.

अशात नवव्या दिवशी गावात एक जीप आली. मागे ताडपत्रीखाली आठ-दहा मशीन, खोक्यात बांधलेली. दोन माणसं होती, बोलायला अगदी गोड. म्हणाले, "काका, कस्टममधून सुटलेला माल आहे. न्हावाशेवा बंदरात अडकून पडला होता, लॉकडाऊनमुळे लिलावात निघाला. जर्मन मशीन आहे, दुकानात हीच पस्तीस-चाळीस हजारांना मिळते. तुमच्याकडे वादळ झालंय म्हणून आम्ही खर्चापुरतं घेतोय." एका नामांकित जर्मन कंपनीचं नाव आणि तिच्या मशीनवर असतो तोच रंग. त्यांनी तिथल्या तिथे मशीन चालू करून आमच्या समोर पडलेल्या आंब्याची मांडीएवढी फांदी कापून दाखवली. लोण्यासारखी कापली गेली. 22 हजार सांगितले, 19,500 ला दिलं. सरकारने बागायतीला हेक्टरी 50 हजारांची मदत जाहीर केली होती, म्हणजे आमच्या वीस गुंठ्यांना दहा हजारांच्या घरात. त्याच्या दुप्पट पैसे मी मशीनला मोजले, तेही रोख, कारण रेंज नसताना दुसरा मार्गच नव्हता.

बिल मागितलं तर एका छापील पावतीवर हाताने लिहून दिलं. वर दुकानाचं नाव, खाली जीएसटी नंबर, वॉरंटी एक वर्ष. मला वाटलं, जीएसटी नंबर आहे म्हणजे माणूस पक्का आहे. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंदेवाल्याचा पॅन. माझ्या पावतीवरचा नंबर 27 ने सुरू होत होता, पण पुढे मोजले तर सगळे मिळून चौदाच. हे मी मोजलं दीड महिन्याने. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नाव-गाव समोर येतं, पण त्या दिवशी रेंज नव्हती. मोजायला मात्र रेंज लागत नाही.

पहिले तीन दिवस मशीन जोरात चाललं. विहीर मोकळी झाली, शेजाऱ्यांच्या पडवीवर पडलेला माड काढला. गावातली चारजणं मशीन बघून गेली आणि त्यातल्या दोघांनी पुढच्या गावात जाऊन त्याच जीपमधून घेतलं. ती गोष्ट मला आजही टोचते, कारण त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी इंजिनचा आवाज बदलला, ताकद गेली आणि मशीन बंद पडलं. स्टार्टरची दोरी ओढली तर हलेना. विकणाऱ्यांनी सांगितलं होतं, लिटरला 20 मिली ऑइल घाला, जर्मन मशीन आहे, जास्त लागत नाही. आम्ही पंपावरचं साधं टू-टी ऑइल त्या मापाने घालत होतो. वुडकटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल चेंबर नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं सगळं वंगण. लिटरला 20 मिली, म्हणजे एकास पन्नास, हे माप चांगल्या प्रतीच्या मशीनला आणि त्याच कंपनीच्या ऑइलला चालतं. हलक्या मशीनला साध्या ऑइलवर एकास पंचवीस, म्हणजे लिटरला 40 मिली लागतं. मिस्त्रीने सिलिंडर उघडून पिस्टन माझ्या हातात दिला. सायलेन्सरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, नखाला लागतील इतक्या खोल, आणि रिंग खाचेत चिकटून बसलेली.

इथे दुसऱ्यांदा फसलो. तो मिस्त्री म्हणाला, ओरिजिनल पिस्टन-सिलिंडर टाकतो, 2,800 होतील. टाकला, मशीन चालू झालं. पण मशीनच नकली तर त्याला ओरिजिनल पार्ट बसेल कसा? ओरिजिनल पार्टच्या स्क्रूची भोकंसुद्धा नकली मशीनवर बऱ्याचदा जुळत नाहीत. त्याने बसवला तोही तसलाच नकली पार्ट होता आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. मशीन उघडल्याबरोबर त्याला कळलं असणार की हे नकली आहे. तेवढं एक वाक्य तो बोलला असता तर पुढचं टळलं असतं. जीपवाल्यांपेक्षा मला याचा जास्त राग आहे, कारण तो आमच्या ओळखीतला आहे आणि पुढे काय होऊ शकतं हे त्याला कळत होतं.

मशीन परत आल्यावर तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ पोफळींचा ढीग कापत होता. आडव्यातिडव्या पडलेल्या, एकीखाली दुसरी दाबलेली. अशा ढिगात बारचं, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं, टोक दिसत नाही. पुढचं खोड कापताना टोकाचा वरचा भाग मागच्या खोडाला टेकला आणि मशीन उसळलं. वुडकटर चालवणाऱ्यांना ही उसळी माहीत असते. टोकाच्या वरच्या कोपऱ्यावर चेन खाली वळत असते. तिथे ती लाकडात अडकली की तिचा सगळा जोर मशीनला मागे, वर, थेट माणसाकडे फेकतो. विचार करायला वेळ मिळत नाही. यासाठीच पुढच्या हँडलसमोर गार्ड असतो. मशीन उसळलं की मनगट त्या गार्डवर आपटतं, गार्ड पुढे ढकलला जातो, आणि आत चेन फिरवणाऱ्या क्लचच्या वाटीभोवती असलेली पोलादी पट्टी वाटीला आवळते. चेन जागच्या जागी थांबते. चांगल्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही हा ब्रेक लागतो.

भावाचं मनगट गार्डवर आपटलं होतं. गार्ड पुढे गेलाही होता. चेन थांबली नाही. उसळलेलं मशीन त्याच्या हातात वळून खाली आलं आणि डाव्या मांडीला, गुडघ्याच्या वर, चेन लागली. लुंगी आणि मांस एकत्र ओढलं गेलं. मी गमछाने मांडी करकचून बांधली आणि दुचाकीवर मध्ये बसवून त्याला दापोलीला नेलं. रस्त्यात अजून झाडं पडलेली होती, दोन ठिकाणी त्याला उतरवून उचलून पलीकडे न्यावं लागलं. सतरा टाके पडले. मोठी रक्तवाहिनी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं आत गेलं असतं तर इथपर्यंत आणताच आलं नसतं.

मशीन नंतर खेडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. ते बोटीची इंजिनं आणि वुडकटर दोन्ही करतात. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, गार्ड दोनदा पुढे-मागे केला आणि मला जवळ बोलावलं. गार्ड हलत होता, स्प्रिंगचा टक असा आवाजही येत होता. पण क्लचच्या वाटीभोवती पट्टीच नव्हती. जिथे ती बसते तिथे रिकामी खाच. "ह्याला ब्रेक कधी नव्हताच, भाऊ," ते म्हणाले, "नुसतं दाखवायला हँडल लावलंय." मी तिथे बाकावर बसलो. पट्टी तुटली असती, झिजली असती, तर समजू शकलो असतो. कुणीतरी बसून, पैसे वाचवण्यासाठी, ती घातलीच नव्हती. आणि टक असा आवाज मात्र येईल अशी व्यवस्था केली होती.

त्यांनीच बाकीचं दाखवलं. त्या कंपनीच्या खऱ्या मशीनच्या बॉडीवर सिरीयल नंबर ठोकलेला असतो, आमच्यावर स्टिकर होता. बारवर पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (आतल्या दातांची जाडी) आणि चेनच्या आतल्या दातांची संख्या कोरलेली असते. ती बघितल्याशिवाय नवी चेन जुळत नाही. आमचा बार कोराच. चेनला ऑइल पुरवणारा पंप चालतो का हे बघायला मशीन चालू करून बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरायचं, पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. आमच्या पुठ्ठ्यावर काहीच उमटलं नाही. बार निळा पडला होता तो त्यामुळेच. आम्ही समजत होतो की पोफळींना लागलेल्या रेतीमुळे तापतोय.

घरी आल्यावर मी माझ्याकडे बघून मशीन घेतलेल्या दोघांना निरोप दिला, आधी मशीन बंद करा म्हणून. एकाने मशीन घेऊन येऊन पडवीत माझ्या मशीनशेजारी ठेवलं. दोन्ही स्टिकरवर सिरीयल नंबर एकच होता. शेवटच्या अंकापर्यंत.

पोलिसांत तक्रार अर्ज दिला, पण जीपचा नंबर कोणीच लिहून ठेवला नव्हता, फोटोही नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आहे. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या हाताने झाडं तोडून पोट भरणाऱ्या माणसाने मशीन धंद्यासाठी घेतलं तरी तो ग्राहकच धरला जातो. हे अनेकांना माहीत नसतं आणि विकणारे त्याचा फायदा घेतात. ग्राहकांसाठी 1915 हा फोन नंबरही आता आहे. पण हे सगळं करायला समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे एक मोबाईल नंबर होता, तो बंद, आणि चौदा अक्षरांचा जीएसटी नंबर.

म्हणून हात जोडून सांगतो, घेण्याआधी पावतीचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. विकणारा फोटो काढू देत नसेल तर तिथेच थांबा. कंपनीचा अधिकृत विक्रेता आपल्या जिल्ह्यात कोण हे कंपनीच्याच फोनवर विचारा आणि मशीनचा नंबर त्यांच्याकडून तपासून घ्या. नव्या चांगल्या मशीनचे पैसे नसतील तर तीन-चार घरांनी मिळून एक घ्या, किंवा सरळ साधं, स्वस्त, स्वतःच्या खऱ्या नावाने विकलं जाणारं मशीन घ्या, पण त्याचा ब्रेक तुमच्या डोळ्यांसमोर लागला पाहिजे. मशीन जमिनीवर ठेवून, दोन्ही हँडल घट्ट धरून, चेन फिरत असताना डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकलायचा. चेन ताबडतोब थांबली पाहिजे. हळूहळू थांबली तरी ते मशीन नको. आणि लुंगी किंवा हाफ पॅंट घालून वुडकटर चालवू नका.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा देवगडकडच्या आमच्या पाहुण्यांचा फोन आला, गावात जीप आली आहे, कस्टमचा माल म्हणतात, घेऊ का. मी त्यांना फोनवरच गार्ड ढकलून बघायला सांगितलं. पाच मिनिटांनी त्यांनी परत फोन केला. तपासून बघतो म्हटल्याबरोबर जीपवाले मशीन गाडीत टाकून निघून गेले होते.

आम्ही निसर्ग वादळाच्याच वर्षी दिवाळीनंतर तीन घरांनी मिळून चिपळूणला जाऊन वुडकटर घेतला. विक्रेत्याच्या मागच्या अंगणात मशीन चालू केलं, चेन पूर्ण वेगात फिरू दिली आणि मी गार्ड ढकलला. चेन थांबली. चुलतभाऊ शेजारी उभा होता, अजून थोडा लंगडत होता. तो म्हणाला, "पुन्हा एकदा कर." मी पुन्हा केलं. मग त्याने मशीन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः आणखी दोनदा करून बघितलं.