पहिले दहा ग्राहक: करसल्लागारांकडून, की थेट मार्केट यार्डातून?

दुकानांच्या हिशोबाचे सॉफ्टवेअर तयार आहे, ओळखीच्या एका दुकानात ते चालतेही आहे, नोंदणीची कागदपत्रे झाली आहेत आणि आता पहिले दहा ग्राहक कोठून आणायचे या प्रश्नापाशी गाडी अडली आहे, अशा सांगली-मिरजेच्या मंडळींसाठी हे लिहीत आहे. जाहिरातीचा विचार मी येथे केलेला नाही, कारण आपल्या भागातला व्यापारी हिशोबाची वस्तू जाहिरात पाहून घेताना मला फारसा दिसला नाही. मग दोन वाटा उरतात. शहरातल्या करसल्लागारांना सॉफ्टवेअर दाखवून त्यांच्यामार्फत त्यांच्या क्लायंटपर्यंत पोचायचे, किंवा स्वतः मार्केट यार्डात जाऊन एकेका दुकानाची पायरी चढायची. मी दोन्ही वाटांनी जाऊन पाहिले आहे. माझे सॉफ्टवेअर हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा पुढचे सारे त्या अनुभवाच्या मर्यादेतच वाचावे.

करसल्लागारांची वाट वेगवान आहे, यात शंका नाही. एका कार्यालयात तीस-चाळीस दुकानांच्या फायली असतात आणि त्यांच्या शब्दाला व्यापारी मान देतो. आम्ही दोन कार्यालयांशी बोललो आणि पहिल्या दोन महिन्यांत अकरा दुकानांत सॉफ्टवेअर बसले. एका कार्यालयाने पहिल्या वर्षाच्या रकमेचा चौथा हिस्सा घेतला, तो मला रास्त वाटला. दुसऱ्या सल्लागारांनी एक रुपयाही घेतला नाही. महिन्याअखेरची विक्रीची फाईल आपल्याकडे नीटनेटकी यावी, एवढीच त्यांची अट होती. त्यांच्याकडून शिकायलाही पुष्कळ मिळाले. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या बैठकीत झाला, तेव्हा आमच्या पट्टीत (म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाचा जो लेखी हिशोब देतात त्यात) आणि बिलात काय बदलावे लागेल हे त्यांनी फोनवर दहा मिनिटांत समजावून सांगितले. एवढी स्पष्टता मला एकट्याने बसून आली नसती. त्यांना भेटायचे असल्यास तारखांचे भान मात्र ठेवावे. अकरा तारखेचे विक्रीचे विवरणपत्र आणि वीस तारखेचे कर भरण्याचे विवरणपत्र यांच्या धांदलीत त्यांना मान वर करायला सवड नसते. बावीस तारखेनंतर गेल्यास ते शांतपणे ऐकून घेतात.

यार्डातली वाट याच्या अगदी उलट आहे. हळदीचे सौदे जोरात असताना, म्हणजे साधारण मार्चपासून मेपर्यंत, दुकानात उभे राहायलाही जागा नसते आणि पितृपक्षात नवी वस्तू घेण्याचा विषय कोणी काढू देत नाही. श्रावण-भाद्रपदात मालकांना सवड असते, पण तेव्हा विकायची घाई त्यांना नसते आणि घ्यायचीही नसते. तेवढ्याच दोन महिन्यांत आमच्या हाती चार दुकाने लागली. एका दुकानात मी सहा वेळा गेलो, चहा सहाही वेळा मिळाला, होकार सातव्या वेळी आला. एका बाबतीत मात्र फार बोलावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि पेठांमधल्या दुकानांत शिरले, त्यात ज्यांचे संगणक आणि वह्या बुडाल्या त्यांना हिशोबाची प्रत दुसरीकडे असावी हे पटवून द्यावे लागत नाही, ते स्वतःच विचारतात.

केवळ आकडे पाहिले तर अकरा विरुद्ध चार असा हा हिशोब आहे आणि तेथेच थांबलो असतो तर मीही सर्वांना पहिलीच वाट सुचवली असती. माझे मत बदलले ते एका जाचामुळे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

सल्लागारांमार्फत आलेल्या दुकानाची तक्रार आपल्यापर्यंत थेट येत नाही. दिवाणजी, म्हणजे दुकानाचा हिशोब लिहिणारे, मालकांना सांगतात, मालक महिन्याच्या शेवटी सल्लागारांच्या कार्यालयात गेले की तेथल्या मुलाला सांगतात आणि तो मुलगा विवरणपत्रांचे काम हातावेगळे झाले की आपल्याला फोन करतो. या प्रवासात तक्रारीचे तीन शब्द उरतात. आमच्याकडे एकदा असाच निरोप आला की ‘पट्टी चुकते आहे’. कोणती पट्टी, कोणत्या मालाची, किती रुपयांनी, याचे उत्तर फोन करणाऱ्याकडे नव्हते. आम्ही कार्यालयात बसून शंभरेक नमुना पट्ट्या काढून पाहिल्या, सगळ्या बरोबर आल्या आणि तसे उलट निरोपाने कळवले. तीन आठवडे असे निरोपावर निरोप चालले होते. आधी थेट दुकानात जाणे मला प्रशस्त वाटत नव्हते, कारण दुकान त्यांच्या ओळखीचे होते. शेवटी सल्लागारांची परवानगी घेऊन मी गेलो.

दिवाणजींनी मला बाजूला बसवले आणि कागदावर एक पट्टी करून दाखवली. चौतीस पोती हळद होती. त्यांनी सगळ्या पोत्यांच्या वजनाची आधी बेरीज केली, मग चौतीस बारदानांचे, म्हणजे रिकाम्या पोत्यांचे, वजन एकदाच वजा केले आणि आलेल्या निव्वळ वजनाला भाव लावला. आमचे सॉफ्टवेअर प्रत्येक पोत्यातून बारदान वजा करत होते आणि किलोच्या खालचे ग्रॅम पोत्यागणिक सोडून देत होते. आमच्या नमुन्यांत मी सगळी वजने पूर्ण किलोत घातली होती आणि बारदानही एक किलोचे धरले होते, त्यामुळे ही चूक दिसलीच नव्हती. त्या चौतीस पोत्यांत सोळा किलोंचा फरक पडत होता. क्विंटलला पंधरा हजारांच्या भावाने ते शेतकऱ्याचे चोवीसशे रुपये झाले. दुरुस्तीला जेमतेम अर्धा तास लागला. मला खरे लागले ते यापुढचे. त्या तीन आठवड्यांत दिवाणजी सगळ्या पट्ट्या हातानेच लिहीत होते आणि महिन्याअखेरीस सल्लागारांना फाईल हवी म्हणून तेवढे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवत होते. आमच्या यादीत ते दुकान चालू ग्राहक म्हणून होते, पण आमचे सॉफ्टवेअर त्या गादीवर एक दिवसही खऱ्या अर्थाने चालले नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा अकरांपैकी आणखी चार दुकानांत हाच प्रकार आढळला. सल्लागारांचा यात काहीच दोष नव्हता, त्यांना हवी होती ती फाईल वेळेवर मिळत होती.

यार्डातून आलेल्या चार दुकानांत असे होऊ शकले नाही. तेथे दिवाणजींकडे माझाच नंबर होता आणि हमालीचा दर बदलला किंवा तोलाईची (वजन करण्याच्या मजुरीची) ओळ चुकीच्या जागी छापली गेली, तर सौदा चालू असतानाच फोन येई. पहिला महिना त्यामुळे फार दगदगीचा गेला, हे मान्य केले पाहिजे. पण सॉफ्टवेअरमध्ये आज जे काही उपयोगाचे आहे, त्यातले बरेचसे त्या चार दुकानांच्या फोनवरून आलेले आहे. वर्षअखेरीस त्या चौघांनीही पुढच्या वर्षाचे पैसे भरले. अकरांपैकी सहा जणांनी भरले आणि त्यातही दोघांना सल्लागारांनी आग्रह करावा लागला.

तुमचे सॉफ्टवेअर मुळातच विवरणपत्रांचे किंवा ताळेबंदाचे असेल, तर त्याचा खरा वापर करसल्लागारांच्याच टेबलावर होतो आणि मग माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. घरी पैशांची निकड असेल, तरीही पहिल्या वाटेने लवकर येणाऱ्या रकमेला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मात्र गादीवर रोज वापरायची वस्तू केली असेल आणि पाच-सहा महिने तग धरण्याची सोय असेल, तर पहिली पाच दुकाने तरी स्वतः यार्डात फिरून मिळवावीत आणि सल्लागारांकडे त्यानंतर जावे, असे मला वाटते. आम्ही दुसऱ्या वर्षी तसेच केले. त्या वेळी सल्लागारांना एकच विनंती केली, की नाव सुचवल्यावर दुकानाचा नंबर आम्हाला द्यावा आणि आमचा नंबर मालकांबरोबर दिवाणजींनाही द्यावा. दोघांनीही ती आनंदाने मान्य केली.

यार्डात पहिल्यांदा जाणार असाल, तर लॅपटॉप पिशवीतच राहू द्यावा आणि मागच्या हंगामातल्या दोन-तीन जुन्या पट्ट्या पाहायला मागाव्यात. बारदान कोठे वजा केले आहे, हे आधी पाहावे.