भीमगडचे जंगल लोकांसमोर मांडताना: फिरते प्रदर्शन की मोबाइल?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एखाद्या शाळेला किंवा युवक मंडळाला भीमगड वन्यजीव अभयारण्याविषयी छायाचित्रांतून लोकजागृती करायची असेल, तर पहिला प्रश्न निधीचा असतो. चित्रे छापून गावोगावी न्यावीत, की समाजमाध्यमांवरून हजारोंच्या मोबाइलवर पोहोचवावीत? दोन्ही मार्गांचा प्रेक्षक वेगळा आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच व्हावी.

मोबाइलचा मार्ग स्वस्त आणि जलद आहे, यात शंका नाही. शेकरूचे किंवा धनेशाचे उत्तम छायाचित्र एका संध्याकाळीत बेळगाव, पणजी आणि पुण्यापर्यंत जाते. मात्र त्या चित्राबरोबर ठिकाणाचे नावही जाते, आणि भीमगडच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे. सुमारे 190 चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याला 2011 मध्ये दर्जा मिळाला, तो ज्या जीवसृष्टीमुळे, तिच्यात बारापेडे गुहांतील रॉटनच्या वटवाघळाचे महत्त्व मोठे आहे. 1913 मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर अनेक दशके जगात केवळ याच गुहांमधून ती ठाऊक होती. अशा वसाहतीत बॅटरीचा झोत, फ्लॅश आणि माणसांचा गोंगाट वारंवार पोहोचला, तर वटवाघळे विश्रांतीची जागा सोडून जाऊ शकतात. शिवाय मोबाइलने काढलेल्या मूळ छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून समाजमाध्यमाचा वापर करायचाच असेल, तर स्थाननोंद काढून टाकावी, गुहांचा व घरट्यांचा नेमका पत्ता देऊ नये आणि गुहेच्या आतील छायाचित्रे या कामातून पूर्णपणे वगळावीत.

फिरत्या प्रदर्शनाला पैसे, वाहन आणि माणसांचा वेळ लागतो आणि पाहणारेही मोजकेच असतात. तरीही त्याची बाजू मला अधिक भक्कम वाटते. अमेरिकेत 1871 च्या सर्वेक्षणात विल्यम हेन्री जॅक्सन यांनी यलोस्टोनची छायाचित्रे काढली, ती तेथील काँग्रेसच्या सदस्यांना दाखवण्यात आली आणि 1872 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले. पाहणारे थोडेच होते, परंतु निर्णय त्यांच्या हाती होता. भीमगडच्या कडेला राहणारा शेतकरी हा असाच प्रेक्षक आहे, कारण जंगल टिकणे किंवा न टिकणे रोजच्या रोज त्याच्या वागण्याशी बांधलेले आहे. ज्याचे भात गव्यांनी रात्रीत तुडवले, त्याच्यासमोर गव्याचे केवळ देखणे चित्र ठेवले तर तो ते पाहून पुढे जाईल आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याच फळ्यावर तुडवलेले खाचर, राखणीचा माळा आणि डोंगरातून उतरणारा म्हादईचा ओढा असेल, तर तो थांबतो, आपला अनुभव सांगतो, आणि चित्र लावणाऱ्यालाही काही शिकायला मिळते. हा संवाद हातातल्या पडद्यावर सहसा घडत नाही. जंगलातील काही वाड्यांवर तर मोबाइलचे जाळेही नीट मिळत नाही.

गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्याचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. धूपदाळच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारे करकोचे उघड्या पाण्यात, लांबूनही दिसतात आणि जागा आधीपासून सर्वांना माहीत आहे. तेथे समाजमाध्यमांतून लोकांना बोलावणे योग्य ठरेल, फक्त होडीने थव्याजवळ जाऊन काढलेली चित्रे प्रसिद्ध करू नयेत, कारण पाहणारा तेच अनुकरण करतो.

प्रदर्शनाच्या बाजूने निर्णय झाल्यास ते पावसाळ्यानंतर काढावे. तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी भागातल्या ओलाव्यात कागदी छपाई टिकत नाही, म्हणून चित्रे लॅमिनेट करून सनबोर्डवर, म्हणजे हलक्या प्लास्टिक फोमच्या फळीवर, चिकटवणे बरे. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असावा, कारण आठवडी बाजारात पाहणारे दोन्ही भाषांचे असतात आणि वनरक्षकही अनेकदा कन्नडच वाचतात. अभयारण्यात छायाचित्रणासाठी जाण्यापूर्वी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 नुसार परवानगी घ्यावी लागते. ती हाती येईपर्यंत गावकऱ्यांनी स्वतःच्या शेताच्या बांधावरून काढलेली छायाचित्रे गोळा करण्यास सुरुवात करता येईल.