लेव्हल बूस्ट विकत घ्यावा की स्वतः वर चढावं?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये पैसे मोजून कॅरेक्टर थेट वरच्या लेव्हलला नेता येतं, तो लेव्हल बूस्ट. अशा विकतच्या बूस्टवर उभा केलेला माझा पहिला टँक, म्हणजे ग्रुपसाठी शत्रूचा मार झेलणारं कॅरेक्टर, पहिल्याच डंजनमध्ये (ग्रुपने मिळून लढायच्या जागी) दोन मिनिटंही टिकला नाही. स्क्रीनवर पंचवीस-तीस बटणं, सगळी चकचकीत आणि सगळी अनोळखी. बॉसला आपल्याकडे ओढणारं टॉन्ट तिसऱ्या रांगेत होतं, हे मला ग्रुपला बरं करणारा हीलर मेल्यावर सापडलं. चॅटमध्ये एकाने एवढंच विचारलं, ‘बूस्ट का?’ मी ‘हो’ लिहिलं आणि मुकाट्याने ग्रुप सोडला.

त्यामुळे ‘घेऊ का?’ असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: गेम कोणता, आणि हे तुमचं कितवं कॅरेक्टर?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१४ साली थेट ९० व्या लेव्हलला नेणारा बूस्ट ६० डॉलरला आला. लेव्हलिंगच्या मेहनतीचं मोल कमी होऊ नये म्हणून किंमत मुद्दाम चढी ठेवली, असं तेव्हा कंपनीकडून सांगितलं गेलं. मेहनतीचा मान राखायचा म्हणून ती टाळण्याचे जास्त पैसे घ्यायचे, ही गंमत जुने खेळाडू अजून विसरलेले नाहीत. पुढे २०२० मध्ये लेव्हलच आक्रसल्या, १२० ची ५० झाली, आणि वर चढायला एकाच जुन्या एक्सपान्शनची (गेमच्या विस्तार-भागाची) वाट पुरेशी झाली. म्हणजे बूस्ट जो वेळ वाचवतो तोच आता कमी उरलाय. इथे पहिल्या कॅरेक्टरसाठी बूस्ट मला तरी पटत नाही. चौथ्या ऑल्टसाठी, म्हणजे जादा कॅरेक्टरसाठी, तोच रस्ता तीनदा तुडवून झाल्यावर, घ्या खुशाल.

याच गेमच्या क्लासिक आवृत्तीत मात्र वाद खरा पेटला. जुना, संथ, पायी तुडवायचा गेम परत हवा म्हणून लोक तिथे आले होते, आणि २०२१ मध्ये बर्निंग क्रूसेड या एक्सपान्शनसोबत ५८ लेव्हलचा बूस्ट सुमारे ४० डॉलरला विक्रीला आला. एका अकाउंटला एकच, आणि ब्लड एल्फ व ड्रेनाय या नव्या वंशांना तोही नाही, अशी बंधनं होती. तरी ‘आयत्या बिळावर नागोबा’ हा राग गेला नाही. उलट बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं: मित्र आउटलँड या तिथल्या नव्या प्रदेशाच्या दारात उभे असताना नव्या माणसाने एकट्याने ५८ लेव्हल का ओढायच्या? माझं मत रागावलेल्यांच्या बाजूने झुकतं, कारण क्लासिकमध्ये वाट हाच गेम आहे.

फायनल फँटसी १४ मध्ये लोक हमखास फसतात. इथे २०१७ पासून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: एक जॉबची (कॅरेक्टरच्या लढण्याच्या प्रकाराची) लेव्हल वाढवते, दुसरी कथा पुढे सरकवते. फक्त पहिली घेतलीत तर लेव्हल वर जाते, पण बहुतेक नवे प्रदेश आणि डंजन मुख्य कथेच्या कुलपाआड असल्याने तुम्ही गिअर (शस्त्रं-चिलखत) घालून पहिल्याच शहरात फिरत बसता. दोन्ही घेतलीत तर ज्या कथेसाठी लोक हा गेम खेळतात तीच गेली. शिवाय एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब शिकता येतात, आणि एक जॉब वर गेला की मागच्यांना एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभव) जास्त मिळतो. तेव्हा ऑल्टचं कारणही इथे लंगडं पडतं. फ्री ट्रायल ७० व्या लेव्हलपर्यंत, पहिल्या दोन एक्सपान्शनसकट आहे. आधी तो खेळून बघा. एकदा पूर्ण गेम विकत घेतला की त्या अकाउंटवर ट्रायलमध्ये परतता येत नाही, हे लक्षात ठेवा.

गिल्ड वॉर्स २ मला सगळ्यांत सरळ वाटतो. कमाल लेव्हल २०१२ पासून ८० वरच थांबलीय, त्यामुळे बूस्ट शिळा होत नाही. वापरण्याआधी ते कॅरेक्टर तात्पुरतं ८० ला नेऊन चाखता येतं, आवडलं तरच पक्कं करायचं. ही सोय सगळ्यांनी उचलावी.

नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभर मिळणाऱ्याला ‘आम्ही कष्ट केले, तुम्हीही करा’ असं सुनावणं मला पटत नाही. त्याची लेव्हल माझं काही हिरावत नाही. खटकतं ते वेगळं: वगळण्याचे पैसे मिळू लागले की वाट सुधारायची घाई कंपनीला कशाला असेल? आणि नवे लोक थेट वर उतरले की खालच्या डंजनला माणसं मिळत नाहीत. मग जो स्वतः चढतोय त्यालाच ताटकळत बसावं लागतं.

तरी घेणारच असाल, तर टँक किंवा हीलरने सुरुवात करू नका. डीपीएसची, म्हणजे नुसता मारा करणाऱ्याची, चूक ग्रुपला कमी महाग पडते. अॅक्शन बार (स्क्रीनवरच्या बटणांच्या रांगा) पूर्ण रिकामा करा, ट्रेनिंग डमीसमोर (सरावाच्या पुतळ्यासमोर) उभे राहा आणि एकेक बटण वाचून परत लावा. तासभर जाईल. मग डंजनमध्ये शिरताच ‘बूस्ट घेतलाय, नवीन आहे’ असं स्वतःहून लिहा; हीलर मेल्यानंतर सांगण्यापेक्षा ते बरं.