आठ महिने कस्टम फॉर्मॅटर वापरल्यावर

बाणेरच्या आमच्या ऑफिसात मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी बिलिंगचं काम चालतं. बिलाचा सगळा डेटा इम्युटेबल.जेएसच्या मॅप आणि लिस्टमध्ये. ही जावास्क्रिप्टची लायब्ररी; तिच्यातला डेटा जागेवर बदलत नाही, बदल केला की नवा मॅप मिळतो. असा मॅप कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या प्रिंटच्या खिडकीत, उघडला की दिसतं ते त्याचं पोट: रूट, ओनर-आयडी, एन्ट्रीज. आठ नोंदींपर्यंत आत साधा अ‍ॅरे तरी असतो. पुढे ३२ फांद्यांचं झाड सुरू होतं आणि कुठली की (नोंदीचं नाव) कुठल्या फांदीवर हे हॅश, म्हणजे कीवरून काढलेला आकडा, ठरवतो. हमाली किती लागली एवढं बघायला पाच-सहा बाण उघडायचे!

म्हणून आम्ही सगळीकडे टूजेएस (मॅपचा साधा ऑब्जेक्ट करून देणारं फंक्शन) लावून प्रिंट करायचो. आठ महिन्यांपूर्वी ते सोडलं आणि कस्टम फॉर्मॅटर घेतला, म्हणजे कन्सोलने डेटा कसा दाखवायचा हे सांगणारा आपला कोड. विंडोवरच्या डेव्हटूल्सफॉर्मॅटर्स या अ‍ॅरेत एक ऑब्जेक्ट टाकायचा. त्यात हेडर (वरची ओळ), हॅजबॉडी (आत काही आहे का), बॉडी (आतला तपशील) ही तीन फंक्शन्स. बॉडी बाण उघडल्यावरच चालते, त्यामुळे हजारो ओळींची लिस्ट प्रिंट केली तरी कन्सोल अडत नाही.

खरी किंमत कळली ती तोलाईच्या (माल तोलण्याच्या आकाराच्या) बगमध्ये. तोलाई बदलली तरी स्क्रीनवर जुनीच रक्कम. टूजेएसच्या प्रिंटमध्ये आधी जुना आकडा, नंतर नवा. सगळं बरोबर वाटायचं. दोन दिवस गेले. फॉर्मॅटर लावून बदलाआधी आणि बदलानंतर मॅप प्रिंट केला आणि मग दोन्ही उघडले, तर दोन्हींत नवीनच तोलाई! शिवाय फॉर्मॅटरने रंगवलेल्या नोंदींमध्ये ती एकटीच साध्या ऑब्जेक्टसारखी दिसत होती. कोणीतरी मॅपच्या आत साधा ऑब्जेक्ट ठेवून तो जागेवरच बदलला होता. मॅप तोच राहिला, म्हणून स्क्रीनला बदल कळलाच नाही. टूजेएस दर वेळी नवी प्रत काढतं, आणि त्या प्रतीनेच आमची चूक झाकली होती.

त्रास दोनच. क्रोमच्या डेव्हटूल्सच्या सेटिंगमध्ये कस्टम फॉर्मॅटर्सची खूण प्रत्येकाला आपापल्या ब्राउझरमध्ये करावी लागते. फायरफॉक्समध्येही तशीच सोय आहे. नवीन मुलगी टीममध्ये आली तेव्हा 'ताई, मला तर जुनंच दिसतंय' म्हणाली, कारण खूण राहिली होती. दुसरं, आपलं फंक्शन चुकलं की कन्सोलमध्ये 'कस्टम फॉर्मॅटर फेल्ड' अशी ओळ येते. आम्ही फॉर्मॅटर फक्त डेव्हलपमेंट बिल्डमध्येच ठेवतो, ग्राहकाकडे जात नाही. टूजेएसची प्रिंट दिसली की आता मी रिव्ह्यूमध्येच ती काढायला सांगते.