पोटातून डायलिसिस घरच्या घरी: सेंटर लांब असणाऱ्यांसाठी आमचा वापरानंतरचा अनुभव

बाबांचं सीएपीडी, म्हणजे मशीनशिवाय घरीच पोटातून करायचं डायलिसिस, सुरू होऊन आता आठ-नऊ महिने होत आले. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो. मुख्यतः ज्यांचं गाव डायलिसिस सेंटरपासून लांब आहे त्यांच्यासाठी लिहितोय, सेंटर हाकेच्या अंतरावर असेल तर गणित वेगळं असतं.

आधी बाबा सेंटरला जायचे. आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास मशीनवर. ऐकायला 12 तास वाटतात पण लांबून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, जायचं, मशीन मोकळं व्हायची वाट बघायची, परत निघताना बीपी खाली गेलेलं, अंगात त्राण नाही, आणि सोबत एक माणूस लागतोच, म्हणजे घरातल्या दोघांचे आठवड्याचे तीन दिवस गेले. रस्ता बंद झाला की पाळी चुकली, आणि पाळी चुकली की अंगावर पाणी चढतं, दम लागतो, पोटॅशियम वाढतं, आणि ते वाढलं की थेट हृदयावर बेततं. लोक म्हणतात मग गावातच सेंटर काढा की. अहो मशीन आणून ठेवणं त्यातल्या त्यात सोपं आहे. मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिली द्रव फिरतो, म्हणजे 4 तासांच्या एका पाळीला 120 लिटर शुद्ध पाणी, त्यासाठी आरओ प्लांट, न जाणारी लाइट, शिकलेला टेक्निशियन, वर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर. यातलं एक जरी नसलं तर मशीन कव्हर घालून पडून राहतं.

सीएपीडीला मशीन, आरओ, लाइट, टेक्निशियन यातलं काहीच लागत नाही, मला हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात, छोटंसं ऑपरेशन असतं, मग जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात. डायलिसिसच्या तयार पाण्याची 2 लिटरची बॅग उंच अडकवायची, पाणी आपोआप पोटात उतरतं, चार-सहा तास आत राहतं, पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात येतं, मग ते खाली ठेवलेल्या रिकाम्या बॅगेत काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून 4 वेळा. लाइट नसली तरी चालतं. ही नळी 1968 साली हेन्री टेंकहॉफ यांनी आणली, आजही बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच नावाने ओळखतात. हाँगकाँगने तर 1985 पासून सरकारी दवाखान्यांत आधी पोटाचं डायलिसिस असंच धोरण ठेवलंय, त्यामुळे हा काहीतरी गरिबांसाठीचा दुय्यम उपाय आहे असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आमच्याकडे बॅग आई बदलते. आई फार शिकलेली नाही पण ट्रेनिंगमध्ये नर्सने जे सांगितलं ते तिने माझ्यापेक्षा पक्कं धरलं. दार-खिडकी बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, टेबल पुसलेलं, हात साबणाने कोपरापर्यंत धुवून कोरडे केलेले. मी मधेच काही विचारायला गेलो की "तू आधी बाहेर हो, मग बोल." टोपण काढल्यापासून नळी जोडेपर्यंतचे काही सेकंद खरे जोखमीचे, तेवढ्यात टोकाला बोट लागलं तर जंतू सरळ पोटात. जोडल्यावर आधी जुनं पाणी काढायचं, मग नवीन पाणी थोडंसं खालच्या बॅगेत सोडून नळीतली हवा घालवायची, मगच पोटात भरायचं. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. काढलेलं पाणी वजन करून वहीत लिहायचं, किती भरलं किती निघालं, त्यावरून अंगातलं पाणी निघतंय की नाही ते कळतं. 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के अशा साखरेच्या बॅगा येतात, जास्त टक्क्यांची जास्त पाणी ओढते, पण ती साखर अंगातही शिरते, त्यामुळे डायबेटिसवाल्यांनी शुगरवर जास्त लक्ष ठेवायचं. आणखी एक, आयकोडेक्स्ट्रिनची (नेहमीच्या साखरेऐवजी वेगळ्या प्रकारची साखर असलेली) बॅग वापरत असाल तर ग्लुकोमीटरच्या काही पट्ट्या शुगर खोटी जास्त दाखवतात, ते डॉक्टरला विचारूनच मीटर घ्या, नाहीतर नसलेल्या शुगरसाठी इन्सुलिन टोचून बसाल.

आता त्रास. दिवसाला 4 म्हणजे महिन्याच्या 120 बॅगा, नुसतं पाणीच 240 लिटर, घरातली एक खोली गोदामच झालीय. डिलिव्हरी आतल्या गावात येते का, उशीर झाला तर साठा किती दिवसांचा आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आमची खेप एकदा पावसात अडकली तेव्हा बॅगा मोजत बसायची वेळ आली होती, तेव्हापासून थोडा साठा जास्तच ठेवतो. प्लास्टिकचा कचरा प्रचंड होतो. बद्धकोष्ठ झालं की पाणी नीट निघत नाही, आम्ही आधी नळीच तुंबली समजून घाबरलो होतो. पोटावाटे प्रोटीन जातं म्हणून प्रोटीन जास्त खावं लागतं. फळांवरचे निर्बंध मात्र सेंटरच्या काळापेक्षा सैल झाले, रोजच सफाई होते म्हणून पोटॅशियम चढत नाही, उलट काहींचं कमी पडतं, बाबांना याचाच सगळ्यात जास्त आनंद. रक्तवाढीचं इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही असा घरात नियमच झालाय.

आणि इन्फेक्शन. एकदा सकाळी निघालेलं पाणी गढूळ दिसलं. बॅगेखाली छापील कागद धरायचा, अक्षरं वाचता आली तर ठीक, आमची दिसेनात. नर्सला फोन केला, ती म्हणाली ती बॅग फेकू नका, सोबत घेऊन जवळच्या हॉस्पिटलला जा. तिथले ड्युटीवरचे डॉक्टर भले माणूस होते पण पोटाची नळी त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती, ते सरळ शिरेतून अँटिबायोटिक सुरू करणार होते. मग नर्सला फोनवर घेतलं, तिने आधी पाण्याचा नमुना तपासणीला आणि कल्चरला (कोणते जंतू आहेत ते बघायला) पाठवायला सांगितला आणि औषध बॅगेतूनच पोटात द्यायला. पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 100 च्या वर आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) असल्या की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याचं इन्फेक्शन, धरतात, बाबांच्या कितीतरी जास्त होत्या. दोन-तीन दिवसांत पाणी स्वच्छ झालं पण औषध पुढे काही आठवडे चाललं. डायलिसिस घरी आलं तरी हॉस्पिटल लांबच राहतं, ही गोष्ट सुरुवातीला कुणी सांगत नाही. त्यामुळे मी आता एक कागद प्लास्टिकमध्ये घालून नळीच्या सामानासोबत ठेवलाय, त्यावर नळीचा प्रकार, चालू औषधं, सेंटरचा नंबर आणि गढूळ पाणी आलं तर काय करायचं ते नर्सकडून लिहून घेतलंय, जो कोणी डॉक्टर भेटेल त्याच्या हातात आधी तो कागद देतो.

कोणी घ्यावं कोणी नाही, तर घरात हात धुण्याच्या बाबतीत हट्टी असा एक माणूस हवा, आणि फोन उचलणारी नर्स हवी. फोन न उचलणारं सेंटर असेल तर मी तरी घेणार नाही. पोटाची मोठी ऑपरेशनं झालेली असतील किंवा हर्निया असेल तर आधी सर्जनला दाखवा. आणि हा पडदा जन्मभर चालेलच असं नाही, काही वर्षांनी मशीनवर परत जावं लागू शकतं, म्हणून आम्ही ट्रान्सप्लांटच्या तपासण्याही चालू केल्यात. रात्री झोपेत आपोआप बॅगा बदलणारं सायकलर मशीन पण दाखवलं होतं, दिवस मोकळा मिळतो, पण त्याला रात्रभर लाइट लागते, त्यामुळे तूर्त नको म्हटलंय.