कॅमेऱ्याची घुर्रघुर्र: नऊ महिन्यांनंतर

घरावर नजर ठेवायचा, मोबाइलवर दिसणारा वायफाय कॅमेरा. थ्री मेगापिक्सेल, पॅन-टिल्ट (म्हणजे मान फिरवणारा), नाइट व्हिजन वगैरे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. चित्र बरं येतं. फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. माझा एक अख्खा रविवार राउटरचे २.४ नि ५ गिगाहर्ट्झचे दोन बँड वेगळे करण्यात गेला. गेल्या गणपतीच्या आधी सेलमध्ये २,१९९ रुपयांना घेतला आणि चिपळूणला आईच्या घरी ओटीवर लावला. मी डोंबिवलीला. आई पडवीच्या पायरीवर घसरली आणि दीड तास कुणाला पत्ता नव्हता, तेव्हा हा खर्च करायचं ठरलं.

मुख्य तक्रार मोटरची. मोबाइलवरून कॅमेरा फिरवला की घुर्रर्र. दिवसा खपून जातं. पण रात्री दहाला वाडीत सामसूम झाली की तो आवाज जातं फिरवल्यासारखा घरभर घुमतो. आठवड्याभरातच आईचा फोन आला, ‘तुझं घुबड मान फिरवतंय. मी आहे धड, झोप आता.’ मी तेव्हा दोन तारे देऊन लिहिलं होतं की मोटरला तेल घालायला विसरलेत. ते मी नंतर काढून टाकलं. का, ते पुढे येईलच.

पाच महिने बाकी काही त्रास नाही. लाइट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावला, हजारभर रुपये वेगळे. सुरक्षेच्या बाबतीत मी जरा जास्तच जागरूक. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले होते, ते वाचलेलं. त्यामुळे पासवर्ड बदललेला, कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय), लॉगिनला ओटीपी. कोण घुसतंय बघूच.

फेब्रुवारीत कॅमेरा दर दोन मिनिटांनी आपोआप बंद-चालू व्हायला लागला. सर्व्हिसवाले म्हणाले, पाठवून द्या. गावी गेलो होतो, तिथूनच सेलोटेप लावून कुरिअर केला. सतरा दिवसांनी बदली कॅमेरा आला, तर ॲप म्हणतं, हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. म्हणजे कुणाचा तरी वापरलेला, पुसून-पासून मला दिलेला. फोनवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, आधीच्या कस्टमरने अनबाइंड केलं नसेल.’ बिलाचा फोटो, सीरियल नंबरचा फोटो, चार फोन, मग सुटला एकदाचा.

पण माझं मेमरी कार्ड? १२८ जीबीचं, ८४९ रुपयांचं, जुन्या कॅमेऱ्यातच राहिलेलं. ‘ॲक्सेसरीजची जबाबदारी आमची नाही.’ त्या ८४९ साठी मी आठ दिवस भांडलो. ईमेल, तक्रार क्रमांक, वरिष्ठांशी बोलायचंय, सगळं. नवव्या दिवशी बायकोने विचारलं, ‘पैशाचं राहू दे, कार्डावर होतं काय?’

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चढतं, म्हणजे शेवटचे दहा-बारा दिवस असणार, आवाजासकट. झोपाळ्यावर बसून पेन्शनच्या नोटा दोनदा मोजणारी आई. न्हाऊन आल्यावर केस मोकळे सोडून बसलेली आई. बँकेतून आलेला ओटीपी मोठ्याने वाचणारी आई. आणि मावशीला फोनवर सुनेबद्दल काय काय सांगितलं ते. (हे शेवटचं बायकोला बोललो नाही.) कार्ड लॅपटॉपला लावलं की साध्या व्हिडिओसारखं चालतं, मी स्वतः लावून बघितलेलं. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हींना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, पण घराचा मालकच आपल्या हाताने कार्ड खोक्यात भरून पाठवतो म्हटल्यावर चाचणी काय करणार?

कंपनीला नोटीस ठोकू म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा उघडला. त्यात तिसऱ्याच कलमात लिहिलंय की एखाद्याने घरगुती कामासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागूच नाही. म्हणजे मलाच तो लागू नाही. आईकडे कामाला येणाऱ्या वहिनी पूर्वी ओटीवर चहा घ्यायच्या. कॅमेरा आल्यावर त्यांनी आपला पाट सरकवत सरकवत दाराच्या पलीकडे नेला, जिथे चित्र संपतं तिथे. चित्रात फक्त कपाचा हात ये-जा करताना दिसतो. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

आता मोटरबद्दल मत बदललं ते सांगतो. बदलून आलेला कॅमेरा नव्या बनावटीचा आहे, फिरतो ते कळतसुद्धा नाही. मला आनंद. आईने तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘काल दुपारी बघत होतास का रे?’ होतो. ‘मग कळलं कसं नाही मला?’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या घुर्रर्रमुळे तिला कळायचं की मुलगा आला. ती पदर सारखा करायची, कधी हात हलवायची, कधी मुद्दाम पाठ करून बसायची. आता दिवसभर अधूनमधून वर बघत असते. मीच चित्रात बघितलंय ते.

कॅमेरा काढू का विचारलं. नको म्हणाली, पायरी अजून तीच आहे. मग असं ठरलं की बघायच्या आधी मिस्ड कॉल द्यायचा, एक रिंग. तिने आधी पाठ केली तर बंद करायचं.

साडेतीन तारे. अर्धा तारा कार्डाचा कापलाय, ते अजून आलेलं नाही. तुमचा दुरुस्तीला जाणार असेल तर आधी कार्ड काढा, मग ॲपमधून कॅमेरा काढून टाका. आणि कुणाकडे जुन्या आवाजाच्या मोटरचा पडून असेल तर कळवा, हा देऊन तो घेईन.